ओठ बघणारे मालक

"खोली मिळंल," मालक म्हणाले, "पण मिशी काढावी लागंल."

हे वाक्य त्यांना दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा नुसते ओठ हलले, आवाज आलाच नाही. मी कानाला हात लावून पुढे वाकलो. तेव्हा आतून त्यांची बायको आली, तिनं त्यांच्या दंडाला बोट लावलं आणि मग तेच वाक्य आवाजासकट आलं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. सोलापुरात एका शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि पंधरा दिवस धर्मशाळेत काढून कंटाळलो होतो. मिशी कुठे आकाराला येत होती. शिवाय माझे वडील गावाकडे चांगले हयात होते. बाप जिवंत असताना मिशी उतरवली तर लोक काय समजतील, हे मी मालकांना परोपरीनं सांगून पाहिलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकटक बघितलं आणि म्हणाले, "तेच म्हणतोय मी. तुमी काय सांगताय त्यातलं निम्मं दिसतच न्हाय."

मी मिशी काढली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला व्हरांड्यातच जवळ घेतलं, "कधी झालं?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तीन दिवसांची रजा दिली. महिन्याभरानं वडील मला भेटायला शाळेत आले, तेव्हा हेडमास्तर बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत.

मालकांची अडचण मात्र खरी होती. गिरणीच्या मागखात्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. एका छपराखाली शेकडो माग एकदम चालू असले की शेजारच्यानं कानात बोंब मारली तरी कळत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज खर्चच करत नाहीत. ओठ मोठाले हलवायचे, भुवया उडवायच्या, बोटं नाचवायची आणि चार मागांपलीकडच्या माणसाशी मुलीच्या लग्नाच्या गोष्टी ठरवायच्या. तीस वर्षांत मालकांचे कान गेले. पण ते गेल्याचं त्यांना स्वतःला फार उशिरा समजलं, कारण त्यावाचून त्यांचं काही अडलंच नव्हतं.

मालकीणबाईही दहा वर्षं गिरणीत होत्या. दोघंही गावच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरांतली. आपसात तेलुगू, आम्हा भाडेकरूंशी मराठी. पण दोन्ही भाषा मुख्यतः ओठांतच. त्या घरातलं भांडण ऐकू येत नसे, बघायला अंगणात यावं लागे. एकदा मी नळावर उभा असताना पंधरा मिनिटं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी बाईंनी हातातलं भाकरीचं पीठ तसंच ठेवून पाठ फिरवली. मालक हताश होऊन माझ्याकडे वळले. "आता काय बोलणार?" असं त्यांचे ओठ म्हणाले. पाठ फिरवलेल्या माणसाशी त्या घरात बोलता येत नसे.

समोरच्या माणसाचं तोंड उजेडात असल्याशिवाय मालक बोलायला सुरुवात करत नसत. पान खाऊन कुणी आलं तर चूळ भरून यायला सांगत. रस्त्यातून माझ्याबरोबर चालताना ते दुकानांच्या पाट्या वाचाव्यात तसे लोक वाचत. सात रस्त्याच्या चौकात उभे राहिले की सांगत, "तो कोटवाला मित्राला म्हणतोय, औषधाला चाललोय. टांगेवाल्याला दुसराच पत्ता सांगितला." त्यात चहाडीचा भाव नसे. डोळे उघडे आहेत तर दिसणारच, एवढंच.

अशा माणसाला मुका सिनेमा म्हणजे पर्वणी. दर रविवारी ते पुढच्या स्वस्तातल्या बाकांवर मागखात्याची पंचवीसतीस माणसं घेऊन बसत. मीही जाऊ लागलो. पडद्यावर पाटी येई, शिकलेले लोक ती मोठ्यानं वाचत आणि बाकीच्यांना गोष्ट कळे. पाटीवर जे असे ते पडद्यावरची माणसं प्रत्यक्षात बोलत नसत. ऐकणारं कुणी नसल्यामुळे ती कॅमेऱ्यासमोर तोंडाला येईल ते बोलत. ते फक्त मागखात्याला कळे.

एका देवाच्या चित्रात राजा आपलं राज्य ऋषीला देऊन टाकतो. पाटी आली, "मुनिवर, हे सर्वस्व आपल्या चरणी!" आयाबायांनी डोळ्यांना पदर लावले. त्याच वेळी पुढची पाच बाकं खदखदून हसली. मी मालकांना खुणेनं विचारलं. ते म्हणाले, "राजा म्हणतोय, डावीकडनं दाढी सुटतीय तुमची. ऋषी म्हणतोय, धरलीय, धरलीय, तू आटप."

थिएटरचा मॅनेजर मध्यंतरात तावातावानं आला. "देवाच्या पिच्चरला हसता? लाज वाटत नाही?"

मालकांनी त्याला सरळ सांगितलं, दाढीचं सांगितलं. मॅनेजरला ते खरं वाटलं नाही. पुढे देवाची चित्रं लागली की मालकांना दारावरच अडवलं जाई. घोडदौड आणि तलवारीचं चित्र असलं तर मात्र मॅनेजर स्वतः निरोप धाडी, कारण त्यात सगळ्यांची तोंडं मिटलेली असत.

मग बोलपट आला. गाव वेडं झालं. मालक एकदाच गेले आणि मध्यंतरात परत आले. मी विचारलं, कसा वाटला? ते विचार करून म्हणाले, "जे सांगायचं तेच बोलत्यात सगळी. मग बघायला काय ऱ्हायलं?" त्यानंतर दोन वर्षं त्यांनी सिनेमाचं नाव काढलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला मॅनेजरनं एक चित्र आणलं. कुठल्याशा पुण्याच्या कंपनीनं ते मुक्याच्या जमान्यात सगळ्यात शेवटी काढलेलं. बोलपटांच्या लाटेत कुणी उचललं नाही म्हणून दोन वर्षं डब्यात पडून होतं, ते त्याला स्वस्तात मिळालं. गावभर 'नवे कोरे चित्र' म्हणून कागद लागले. चित्र बोलकं की मुकं, याबद्दल कागद मुके होते. मालकांना मात्र मॅनेजरच्या तोंडावरूनच ते समजलं होतं. "मास्तर, चला," ते म्हणाले. मालकीणबाईंनीही ठेवणीतलं लुगडं नेसलं.

शनिवारचा दुपारचा खेळ होता आणि थिएटर गच्च भरलं होतं. दिवे गेले, चित्र सुरू झालं. बोलपटांनी लोकांना एक शिस्त लावली होती, आवाज ऐकायला मिळावा म्हणून गप्प बसायची. त्यामुळे पहिली दहा मिनिटं सगळे आवाजाची वाट बघत चिडीचूप होते. ती शांतता विलक्षण होती. कुणीतरी शेंग फोडली तर चार ओळी मागं वळून बघत. एका लहान मुलाचं अंगठा चोखणं आम्हाला पुढे ऐकू येत होतं. खुर्च्यांमध्ये बसलेले एक वकील बायकोला हळूच म्हणाले, "काहीतरी बोल गं." तिनं विचारलं, "काय बोलू?" "काही नाही, ठीक आहे," असं म्हणून ते निर्धास्त झाले.

मग मागून पहिली हाक आली. "आवाज सोड की!"

त्यासरशी सगळं थिएटर सुटलं. "आवाज! आवाज!" एक पैलवान उठून पडद्यामागे जाऊन आला आणि त्यानं सगळ्यांना कळवलं, "भोंगा हाय तितं. आवाज न्हाय." दारावरच्या मियाँला चारपाच जणांनी घेरलं. तो दोन्ही हात वर करून सांगत होता, "आवाज कां से लाऊं? पिच्चरमेंच नै है!" पण हे त्यांना पटेना. दोनच वर्षांपूर्वी हीच माणसं याच बाकांवर बसून मुके सिनेमे डोळे पुसत बघत होती, याची कुणालाही आठवण राहिलेली दिसली नाही. मुक्या चित्रांना पडद्यापुढे बसून पेटी वाजवणाऱ्या जुन्या पेटीमास्तरला मॅनेजरनं टांगा पाठवून बोलावून घेतलं. बोलपट आल्यावर त्याला यानंच काढून टाकलं होतं. पेटीमास्तर आला, पडद्याकडे न बघताच बसला आणि त्यानं त्या वर्षीच्या बोलपटातलं गाणं धरलं. पडद्यावर नायिकेचा बाप मरत होता. लोक टाळ्या वाजवत गाणं म्हणू लागले.

या सगळ्यात पुढची पाच बाकं शांत होती. मागखात्याला गोंगाटाचा त्रास कधीच नव्हता. पण आज ती हसतही नव्हती. नायिका विशीबाविशीची, सावळी, मोठ्या डोळ्यांची होती. मालक म्हणाले, "ही पोरगी वायफळ काय बोलत न्हाय. पाटीवरचंच बोलती. पाठ करून आलीय." हे त्यांनी मोठ्या आदरानं सांगितलं.

खलनायक तिच्या मागे लागतो. ती धावत तळ्याच्या काठी येते, मागे बघते आणि उडी टाकते. पाण्यातून तिचा चेहरा वर आला, अगदी आमच्याकडे तोंड करून. ओठ हलले. ती खाली गेली. पुन्हा वर आली, पुन्हा ओठ हलले. मग नुसतं पाणी. पाटी आली, "नाथ! आता पुढल्या जन्मी भेट!"

मालक उभे राहिले. शेजारी मालकीणबाई उभ्या राहिल्या. मागोमाग पाचही बाकं उठली. आणि मालकांचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ऐकला. तो जाड, खरखरीत आणि फार मोठा होता.

"आरं ती बुडतीय! धरा तिला कुणीतरी!"

क्षणभर थिएटर गप्प झालं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आला! आला आवाज!" आणि हशा, टाळ्या, शिट्ट्या यांनी पत्रे दणाणले. मालकांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते पडद्याकडे हात करून ओरडत राहिले. शेवटी बाईंनी त्यांच्या दंडाला बोट लावलं.

ती मुलगी पुढे चित्रात आलीच नाही. नायक तळ्याकाठी बसून रडला आणि 'समाप्त' झालं. लोक पैसे परत मागायला दारावर गेले. मॅनेजरनं पुढच्या बोलपटाचे पास वाटून जीव वाचवला. आम्ही बाहेर आलो तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"तेलुगूत म्हनाली. अक्का, चेय्यि पट्टुको. अक्का, माझा हात धर. पाठ केलेलं न्हवतं ते."

घरापर्यंत त्यांनी रस्त्यातल्या एकाही माणसाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या खेळाला फक्त मागखातं आलं. आत इतकी शांतता होती की थिएटर रिकामं आहे असं समजून मॅनेजर निम्म्यातच खेळ बंद करायला निघाला होता. सगळ्यांनी पुन्हा बघितलं. तेच शब्द होते, दोनदा. तिसऱ्यांदा ती वर येत नव्हती.

मालक मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "अहो, गोष्टच तशी आहे. ती मरते."

"गोष्टीतली मेली, ते दिसलं," मालक म्हणाले. "बाईचं काय झालं?"

मॅनेजरला हा प्रश्न समजलाच नाही. संध्याकाळी मालक कंदील आणि कागद घेऊन माझ्या खोलीत आले. मी कंपनीला पत्र लिहिलं, "सप्रेम नमस्कार वि. वि. आपल्या चित्रातील तळ्यात पडलेली बाई नंतर पाण्याबाहेर आली किंवा कसे, ते उलट टपाली कळवावे." दहा दिवसांनी उत्तर आलं. आमच्या रसिकतेबद्दल आभार मानले होते आणि सोबत नायकाचं छायाचित्र जोडलं होतं. आम्ही पुन्हा लिहिलं. या खेपेला दोनच ओळी आल्या. सदर नटी आता कंपनीत नाही, पत्रव्यवहार करू नये.

मालकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "बाहेर आली, असं कुटं लिवलंय?" ते म्हणाले.

दिवाळीच्या सुटीत मला गावी जायचं होतं. त्याऐवजी मी मालकांबरोबर पुण्याला गेलो. मालक एकटे गेले असते तर स्टेशनवर आवाज न काढता पत्ता विचारत चार दिवस फिरले असते.

कंपनीच्या फाटकावर एक पाटी होती, 'शांतता. आवाज करू नये.' आत बोलपटाचं काम चालू होतं. पहारेकऱ्यानं मला अडवलं. माझ्या वहाणा वाजत होत्या. मालक त्याच्या समोरून आत गेले, त्यांचा कसलाच आवाज झाला नाही. मी वहाणा हातात घेऊन मागोमाग गेलो. आत पन्नासएक माणसं श्वास रोखून उभी होती आणि एकमेकांशी बोटांनी, भुवयांनी, नुसत्या ओठांनी बोलत होती. मालक दारातच थबकले. इतकं मागखात्यासारखं त्यांना पुण्यात काही मिळेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी कडेच्या एका सुताराला काहीतरी विचारलं. सुतारानं तसंच उत्तर दिलं. दोघांचा बराच वेळ संवाद झाला, मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही बाहेर पडलो. मला काहीच कळलं नव्हतं.

"हाय," मालक मोठ्यानं म्हणाले. "बाहेर आली होती. पेठेत ऱ्हाती."

ती एका चाळीत, दारात सूप घेऊन विड्या वळत बसली होती. पडद्यावर होती त्याहून बारीक दिसत होती. आम्ही सोलापूरहून आलो आणि तिचं चित्र पाहिलं, असं मी सांगितलं. तिनं हातातली कात्री खाली ठेवली आणि आम्हाला बसायला पोतं टाकलं.

"लोकांना आवडलं का?" तिनं विचारलं.

मी शब्द जुळवू लागलो. मालकांनी माझी वाट बघितली नाही. "न्हाय. सगळी आवाज आवाज करून वरडली. दोन खेळांत काढून टाकलं."

ती हसली. वाईट वाटल्याचं दिसलं नाही. "मग तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात?"

"तुमी बुडत होता."

तिचं हसू गेलं. ती माझ्याकडे बघून बोलू लागली. ते काम होतं म्हणे. सगळे तसंच म्हणाले. कमरेला दोरी होती, ती सुटली असं तिला वाटलं, पण डायरेक्टर साहेब म्हणाले की दोरी घट्ट होती. इतकं खरं काम आजवर कुणी केलं नाही, असंही म्हणाले. दुसऱ्या चित्रात पुन्हा पाण्यात उतरायला सांगितलं तेव्हा ती नाही म्हणाली आणि घरी बसली. "मी बहिणीला सांगायला गेले की मी मरत होते," ती म्हणाली. "ती आधीच रागावली होती, सिनेमात गेले म्हणून. तिनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, तुझं सगळं नाटकच असतं. आता मलाही वाटतं, असेल. दोन वर्षं झाली. केलंच असेल मी काम."

मालक पुढे सरकले. तिचं तोंड उजेडात होतं, त्यांचंही होतं. त्यांनी आवाज न करता ते तीन शब्द म्हटले, एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "अक्का म्हणाले मी?"

"दोन्ही येळंला."

तिनं पदरानं तोंड पुसलं. आत जाऊन चहा करून आणला. आम्ही निघालो तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, हे कागदावर लिहून मिळेल का?"

सोलापूरला आल्यावर मी ते लिहिलं. अमुक चित्रात तळ्यात पडलेली ही मुलगी खरोखर बुडत होती, ती अभिनय करत नव्हती आणि तिनं तेलुगूत आपल्या थोरल्या बहिणीला दोनदा हाक मारली, हे आम्ही खाली सही करणारांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. शाळेतले अर्ज असतात तसंच ते झालं. पाळी सुटायच्या वेळी मालक गिरणीच्या फाटकाशी ते घेऊन उभे राहिले. चौघांनी सह्या केल्या, तेवीस जणांनी अंगठे उठवले. मालकीणबाईंचा अंगठा पहिला होता. आम्ही कागद तिच्या पत्त्यावर टाकला.

मार्गशीर्षात तिचं कार्ड आलं. "कागद पोचला. दाराबाहेर उभी राहून अक्काला वाचून दाखवला. अक्का सध्या माझ्याकडे राहायला आली आहे."

मी ते अंगणात मालकांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले आणि आत जाऊन पाटावर बसले. संध्याकाळ होती. मालकीणबाई लगबगीनं चुलीकडे गेल्या. मी जायला निघालो तशी त्यांनी मला थांबवलं.

"दसऱ्यापासनं संध्याकाळचं जेवत न्हवते," त्या म्हणाल्या.

"पण पुण्याला तर आम्ही भेटून आलो," मी म्हणालो. "ती बाहेर आल्याचं कळलं होतं की."

"मीबी तेच म्हनलं," बाई भाकरी थापत म्हणाल्या. "तर म्हनले, बाहेर आली खरी, पण तिचा हात अजून कुणी धरला न्हाय."